शेडगे नानांचं दत्तकविधान

खडकमाचीत ब्रॉडबँडची कंपनी जन्माने मिळते, आणि ती बदलायची असेल तर रस्त्यापलीकडच्या घरात दत्तक जावं लागतं. यात गावात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्टँड रोडच्या उत्तरेकडची माणसं दशदिशा कंपनीची, दक्षिणेकडची मेघवाहिनीची. मूल दवाखान्यातून घरी आणलं की भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या आधी कंपनीचा माणूस दारात फॉर्म घेऊन उभा असतो. लग्न होऊन आलेली सून सासरची कंपनी लावते, भाडेकरू घरमालकाची लावतो. माणूस गेला तर तेराव्यापर्यंत त्याची लाइन चालू ठेवतात आणि चौदाव्या दिवशी ती थोरल्या मुलाच्या नावावर चढते.

गावात दोन कंपन्या होत्या, म्हणजे स्पर्धा होती. ती तीव्र होती असं दोन्ही कंपन्या सांगत. फक्त रस्त्याच्या मधोमध ती संपायची.

कुमुद शेडगे उत्तरेकडची. वय चव्वेचाळीस, कन्याशाळेत भूगोल शिकवायची, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. घरात ती आणि तिचे वडील. वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, कारण सगळ्या गावाने त्यांचा आवाज ऐकलेला होता. एकतीस वर्षं ते एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. त्यांनी पुकारल्याशिवाय एखादी गाडी सुटली तरी लोक ती सुटलेली धरत नसत, बाकावर बसून राहत.

वैशाखात नानांना अर्धांगवायूचा झटका आला. हात परत आला, पाय परत आला, वाचा आली नाही. पुण्याच्या एक स्पीच थेरपिस्ट होत्या, तेजल मॅडम. त्या रोज सकाळी साडेसात वाजता व्हिडिओवर शिकवायला तयार झाल्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी कुमुदला बाजूला घेऊन, म्हणजे नानांना खोलीबाहेर पाठवून, स्पष्ट सांगितलं.

"झटक्यानंतरचे पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. पुढचं मी खोटं सांगणार नाही."

सहा महिने कार्तिकात संपत होते. त्यातले दोन आधीच गेले होते.

शिकवण्याची पद्धत साधी होती. मॅडम ओठांचा एक आकार करून दाखवायच्या आणि नानांनी तो बघून तसाच करायचा. पण दशदिशेची लाइन चौथ्या-पाचव्या आकाराला थांबायची. मॅडमचं तोंड 'आ'वर अडकलं की नानांचंही 'आ'वर अडकायचं. ते वेळापत्रकावर आयुष्य काढलेले गृहस्थ. समोरचा आकार बदलल्याशिवाय आपला बदलणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. एकदा ते 'ऊ'वर पन्नास मिनिटं होते. तेवढ्यात कुमुदने कुकर लावला, पोळ्या केल्या, डबा भरला, साडी बदलली. नाना आपले ओठांचा चंबू करून खिडकीतल्या उजेडात बसून होते.

हळूहळू घराला त्या थांबण्याची सवय लागली. चित्र थांबलं की कुमुद हातातली बशी हातात धरून थांबायची. भिंतीवरची पाल थांबायची. नळाची धार अर्ध्यावर लोंबकळत राहायची आणि पडद्यात भरलेला वारा तसाच फुगून राहायचा. मग लाइन यायची, धार पूर्ण पडायची आणि दिवस पुढे सरकायचा. श्रावण असाच तुकड्यातुकड्यांनी गेला.

तक्रारीवर मुनीर लाइनमन यायचा. दशदिशेचा निळा शर्ट, कमरेला पक्कड.

"ताई, लाइन चालू आहे," तो म्हणायचा. "थांबतं ते चित्र."

"चित्र कशावरून येतं, मुनीरभाई?"

"लाइनीवरून. पण आल्यावर ते काय करतं, हे आमच्याकडे येत नाही."

"मग मी पलीकडची लावते."

मुनीरने पक्कड खाली ठेवली आणि आवाजही खाली आणला. "असं मोठ्याने बोलू नका. खांब ऐकतो."

खांब म्हणजे हरिबा. सात वर्षांपूर्वी हरिबा केबलवाल्याने गावात तिसरी कंपनी काढायचा प्रयत्न केला होता. केबल त्याच्याकडे होती, खांब नव्हते. गावातले सगळे खांब दोन कंपन्यांच्या नावावर होते आणि त्यावर तिसऱ्या वायरला जागा नाही असा अहवाल होता. तेव्हा हरिबाने आपले भाऊ, मेहुणे, चुलते गोळा केले आणि बावीस जण केबल हातात वर धरून रस्त्याच्या कडेने अंतराअंतरावर उभे राहिले. अकरा दिवस गावात फार छान इंटरनेट होतं. बाराव्या दिवशी नगरपालिकेने पाहणी करून त्या बावीस जणांची खांब म्हणून नोंद केली, आणि नोंद झालेले खांब नियमानुसार दोन कंपन्यांना नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने गेले. बाकीच्यांना पुढे दुसरीकडे हलवलं. हरिबा शेडग्यांच्या घरासमोर राहिला. खांब असल्यामुळे तो बोलत नसे, पण सकाळी कुमुदने दिलेला चहा घ्यायचा.

भाद्रपदात कुमुद अर्ज घेऊन कार्यालयात गेली. स्पर्धा निकोप राहावी म्हणून दोन्ही कंपन्यांचं कार्यालय एकच होतं. त्यात दोन टेबलं होती आणि ग्राहक निवड अधिकारी म्हणून धनवडे नावाचे एक सौम्य गृहस्थ होते. त्या वेळी ते दशदिशेच्या टेबलावर बसले होते.

"मला कंपनी बदलायचीय," कुमुद म्हणाली.

"अवश्य. निवड हा ग्राहकाचा हक्क आहे." त्यांनी मागच्या पाटीकडे न बघता बोट दाखवलं. तिथे तेच लिहिलेलं होतं. "कुणाकडे दत्तक जाताय?"

"मी नाही. वडील."

"वय?"

"त्र्याहत्तर."

"मूल जरा मोठं आहे. चालेल. घेणारा एकवीस वर्षांनी तरी मोठा पाहिजे. म्हणजे चौऱ्याण्णव." धनवडेंनी एक जाड वही उघडली. "दक्षिणेला तेवढं वय एकट्या अनसूयाबाई निकमांचं आहे. तुमच्या अगदी समोर. नशीबवान आहात."

"त्यापेक्षा त्यांची वायर रस्ता ओलांडून आमच्याकडे आणा की. चौतीस फूट आहे. मी टेपने मोजलंय."

"आम्ही अंतर मोजत नाही, ताई. हद्द मोजतो."

"मोबाइलवर?"

"मोबाइलही याच दोन कंपन्यांचे. त्यांनाही बाजू आहेत."

"मग वडील सकाळी तासभर त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाऊन बसले तर?"

"पाहुण्याला त्याची मूळची लाइनच लागू राहते. तो कुणाच्याही घरात बसला तरी त्याला चित्र आपल्याच कंपनीचं दिसतं." धनवडे खेदाने म्हणाले. "लोकांनी सगळं करून पाहिलंय."

"आणि मीही त्यांच्याबरोबर दत्तक गेले तर?"

"दशदिशेचा करार दोन पिढ्यांचा आहे. एक पिढी गेली तर दुसरीला लाइनीजवळ थांबावं लागतं."

"हे कुणी ठरवलं?"

"दोन्ही कंपन्यांनी. वेगवेगळ्या खोल्यांत बसून. सारखंच निघालं, हा योगायोग."

कुमुद वर्गात मुलींकडे बघायची तसं त्यांच्याकडे बघत राहिली. धनवडेंनी चष्मा काढून पुसला.

"शेवटचा रकाना," ते म्हणाले. "दत्तक दिल्यानंतर ते तुमचे कोण?"

"वडील."

"वडील यादीत नाही. दिलेलं मूल परत आपलं म्हणता येत नाही. शेजारी, परिचित किंवा इतर."

कुमुदने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग शेजारीवर खूण केली. इतरवर करायला तिचा हात धजला नाही.

"छान. आता मेघवाहिनीची संमती लागेल. एक मिनिट." धनवडे उठले, दशदिशेचं टेबल कुलूपबंद केलं, चार पावलं चालून दुसऱ्या टेबलामागे बसले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "या. काय काम काढलंत?"

कुमुदला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

अनसूयाबाई निकम पंचाण्णव वर्षांच्या होत्या आणि सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा बापू सत्तर वर्षांचा, तो शेजारी खुर्चीत पेपर वाचत होता.

"आता या वयात मूल," अनसूयाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील गं."

"मावशी, तुम्ही घेतलं नाही तर त्यांचं बोलणं गेलं म्हणून समजा. दोन महिने राहिलेत."

"रडतो का?"

"बोलतच नाहीत, तर रडणार कुठून."

"मग गुणी आहे. हा बघ, सत्तर वर्षं झाली, बोलतोय."

बापूने पेपर खाली केला. "आई, तो त्र्याहत्तरचा आहे. म्हणजे आजपासून मी धाकटा? सत्तर वर्षं थोरला म्हणून राबलो ते कशात गेलं?"

"राबला कधी तू?"

या मुद्द्यावर धनवडेंना बोलवावं लागलं. त्यांनी नियम काढून दाखवला. दत्तकाचं वय विधीच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे नाना नवजात. बापूचं समाधान झालं. "मग माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. "लहान आहे, सांभाळून घेऊ. फक्त माझ्या खुर्चीत बसायचं नाही."

निघताना अनसूयाबाईंनी कुमुदचा पदर धरला.

"तुला कोण राहिलं मग?"

"मी समोरच आहे की, मावशी."

"समोर तर हरिबापण आहे," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

नानांना कुमुदने त्या संध्याकाळी सांगितलं. सगळे रकाने वाचून दाखवले, शेवटचाही. नाना खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. एक गाडी गेली, दुसरी गेली. मग त्यांनी मान हलवली, उठून आपले सदरे स्वतः काढले आणि पलंगावर पसरून एकेक घडी घालायला बसले. कुमुद मदतीला गेली तर त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. एक सदरा मात्र त्यांनी दोनदा घडी घालून परत कपाटात ठेवला. 

आश्विनातल्या एका रविवारी सकाळी निकमांच्या सोप्यात विधी झाला. चौरंगावर मेघवाहिनीचा राउटर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. नानांना न्हाऊ घालून, नवा सदरा घालून आणलं होतं. नियमाप्रमाणे मूल घेणारीच्या मांडीवर बसणं सक्तीचं होतं. नाना अनसूयाबाईंच्या मांडीवर बसले, पण आपला सगळा भार स्वतःच्या पायांवर आणि हातांवर तोलून. धनवडे गुडघ्यावर वाकले, दोघांच्या मधून एक कागद सरकवून पाहिला. कागद अडकला. त्यांनी तो ओढून पाहिला, निघाला नाही.

"ग्राह्य," ते म्हणाले.

कुमुदने नानांचा हात अनसूयाबाईंच्या हातात ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे तीनदा म्हणाली, "दिला." तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज धनवडेंना ऐकू गेला नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

"घेतला," अनसूयाबाई एकदाच पण खणखणीत म्हणाल्या. मग त्यांनी वाकून नानांच्या कानात नाव सांगितलं. दुसरा मुलगा झाला तर ठेवायचं म्हणून सत्तर वर्षं जपून ठेवलेलं नाव होतं. प्रल्हाद. बापूने घुगऱ्या वाटल्या. मेघवाहिनीने बाळाला एक झबलं पाठवलं होतं. ते नानांच्या खांद्यावर टाकून फोटो काढला.

दुसऱ्या दिवसापासून कुमुद आपल्या खिडकीतून समोर बघायची. लाइन चालू असताना उत्तरेच्या माणसाला दक्षिणेच्या खोलीत मनाई होती. चौतीस फुटांवरून तिला नाना दिसायचे, त्यांच्या तोंडावर पडलेला पडद्याचा उजेड दिसायचा. तो उजेड कुठे अडकत नव्हता, पाण्यावरच्या उन्हासारखा हलत राहायचा. तिसऱ्या दिवशी नानांचा 'आ' रस्ता ओलांडून आला. सहाव्या दिवशी 'ई'. नवव्या दिवशी त्यांनी 'मा' म्हटलं आणि आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, "काय रे बाळा?" कुमुदने हातातला तवा खाली ठेवला. तिच्या घरात आता काहीच थांबत नव्हतं. लाइनीवर कुणी बसतच नव्हतं.

दहाव्या दिवशी दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दारावर एक पत्रक चिकटवलेलं होतं. मजकूर आनंदाचा होता. स्पर्धेला नवी चालना मिळावी म्हणून दशदिशा आणि मेघवाहिनी यांनी आपापल्या बाजू एकमेकांशी बदलून घेतल्या होत्या. आजपासून उत्तर मेघवाहिनीची, दक्षिण दशदिशेची. ग्राहकांना काहीही करावं लागणार नव्हतं.

मुनीर सकाळीच रस्ता ओलांडताना दिसला. त्याने शर्ट उलटा करून घातला होता. आतून तो मेघवाहिनीचा केशरी होता.

"तुला माहीत होतं, मुनीरभाई?"

"ताई, शर्ट पहिल्यापासून दोन बाजूंचाच देतात," तो खाली बघत म्हणाला.

त्या दिवशी साडेसात वाजता समोरच्या खिडकीत नाना 'ऊ'वर थांबले. कुमुद बघत राहिली. दूधवाला आला, गेला. शाळेची घंटा झाली. नाना 'ऊ'वर होते, आणि त्यांच्यामागे अनसूयाबाई चमच्यात औषध घेऊन थांबल्या होत्या, आणि बापू पेपरचं पान उलटता उलटता.

कुमुद शाळेत गेली नाही, कार्यालयात गेली. धनवडे दोन टेबलांच्या मधल्या जागेत उभे राहून कुठल्या बाजूला बसावं याचा विचार करत होते.

"बसू नका," ती म्हणाली. "उभ्यानेच सांगा. माझे वडील परत द्या."

"दत्तक एका जन्मात एकदाच होतो, ताई. आणि तो फिरवता येत नाही."

"मी त्यांना तिकडे पाठवलं ते कंपनीसाठी. आणि तुम्ही कंपनीच इकडे आणून ठेवलीत."

"कंपनी हलू शकते. ग्राहक हलायला लागले तर गोंधळ होईल."

"आज माझ्या घरात चांगली लाइन आहे आणि ती बघायला कुणी नाही. तिकडे बघणारं माणूस आहे आणि लाइन मेलेली आहे. तुम्हाला यात काही दिसत नाही?"

धनवडे खरोखर विचार करत राहिले. "दोन्हीकडे सेवा उपलब्ध आहे, असं दिसतं," ते शेवटी म्हणाले.

"धनवडे, तुमचे वडील कुठल्या बाजूचे?"

ते दचकले. "मी बदलून आलोय. आमच्या गावी एकच कंपनी आहे. तिथे असे प्रश्न येत नाहीत."

सहा महिन्यांतले अकरा दिवस उरले होते. दुसऱ्या सकाळी कुमुदने नेहमीसारखा हरिबाला चहा दिला. त्याने तो घेतला, कप परत दिला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा, मान न हलवता, ओठ जेमतेम उघडून बोलला.

"रस्ता मोकळा आहे."

"काय?"

"उत्तर एकाची, दक्षिण एकाची. मधला रस्ता कुणी मागितलाच नाही. रस्त्यावर कुणी जन्मत नाही ना, म्हणून." त्याने श्वास घेतला. "आता बोलवू नका. खांबाला बरं दिसत नाही."

कुमुद घरात गेली आणि तिने पुण्याला फोन लावला. "मॅडम, उद्यापासून मला शिकवा."

"तुम्हाला काय झालंय?"

"मला काही झालं नाही. तुम्ही मला दाखवा. पुढचं मी पोचवते."

मेघवाहिनीची लाइन आता तिच्या घरात होती. तिने मॅडमचं चित्र दिसणारा पडदा आतल्या बाजूला तोंड करून खिडकीच्या उंबऱ्यावर टेकवला आणि स्वतः त्याच्यासमोर, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मॅडमनी 'आ' केला, कुमुदने 'आ' केला, आणि चौतीस फुटांपलीकडे, आपल्यासमोरचा गोठलेला पडदा खाली पालथा घालून, नानांनी तिच्या तोंडाकडे पाहून 'आ' केला. मॅडमनी ओठ मिटले, कुमुदने मिटले, नानांनी मिटले. कुठेही काही अडकलं नाही. मधे फक्त सकाळचं ऊन होतं आणि थोडी धूळ.

पहिल्या दिवशी साताऱ्याची गाडी मधे आली आणि 'म' तिच्या टपावरून वाया गेला. ड्रायव्हरने खिडकीतून दोन्हीकडे पाहिलं. एका बाजूला ओठ मिटलेली बाई होती, दुसऱ्या बाजूला ओठ मिटलेले नाना. नोकरीची पहिली वर्षं नानांनी पुकारल्यावरच गाडी काढलेला माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडी अलीकडे उभी करून इंजिन बंद केलं. मागच्याही थांबू लागल्या. साडेसात ते आठ स्टँड रोडवर आवाज नसायचा. प्रवासी खिडक्यांतून बघायचे आणि नकळत त्यांचेही ओठ हलायचे. दक्षिणेकडच्या बायका गच्चीवर कपडे वाळत घालता घालता 'ऊ' करून थांबायच्या. उत्तरेकडचे दुकानदार शटर अर्धं उचलून 'ए' करायचे. काही दिवस सकाळी खडकमाची गाव अर्धा तास एकाच तोंडाने हलत होतं. कुणी त्याबद्दल पुढे दिवसभर बोलत नसे.

शेवटच्या दिवशी धनवडे आले. परवान्याशिवाय रस्त्यावरून काहीतरी नेलं-आणलं जातंय अशी दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळी तक्रार केली होती, मजकूर सारखा होता. धनवडे रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. तिथे त्यांचं टेबल नव्हतं, म्हणून त्यांनी वही तळहातावर धरली.

"चालू द्या," ते म्हणाले. "मला थांबवायला सांगितलेलं नाही. नोंद करायला सांगितलंय."

मॅडमनी त्या दिवशी नवा आकार दिला नाही. पडद्यावर त्या नुसत्या बसून राहिल्या. "आता त्यांना काय म्हणायचंय ते बघू या," त्या म्हणाल्या. कुमुदने हे कसं पोचवायचं ते न कळून आपलं तोंड मिटून घेतलं आणि हात खाली सोडले.

नाना समोरच्या खिडकीत तिच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. गाड्या उभ्या होत्या. मग त्यांचा आवाज आला, जुना नाही, खरबरीत, एक बाजू ओढलेला. पण पूर्ण.

"चहा झाला?"

धनवडेंनी लिहून घेतलं. "दोन शब्द," ते स्वतःशी म्हणाले. "दक्षिणेकडून उत्तरेकडे. कुणी कुणाला विचारलं?"

"शेजाऱ्याने शेजारणीला," सोप्यातून अनसूयाबाई म्हणाल्या.

"उत्तर?" धनवडेंनी कुमुदकडे पाहिलं.

कुमुदने तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. जीभ जागेवरून हलेना.

"काहीतरी म्हणा, ताई," धनवडे हळूच म्हणाले. "अर्धी नोंद चालत नाही."

 साताऱ्याच्या गाडीतल्या एका बाळाने काही आवाज केला आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं. तेव्हा समोरच्या खिडकीत नाना थोडे पुढे वाकले. त्यांनी एक हात चौकटीवर ठेवला, तिचं लक्ष आपल्याकडे आहे याची खात्री केली आणि ओठ सावकाश गोल केले. आवाज केला नाही. आकार करून तसाच धरून ठेवला, तिने तो नीट पाहावा म्हणून.

कुमुदने त्यांच्या तोंडाकडे पाहत आपले ओठ गोल केले.

"हो," ती म्हणाली.

धनवडेंनी ते लिहिलं, वेळ टाकली, आणि कंपनीच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ धरून ठेवलं. मग तो रकाना तसाच मोकळा ठेवून त्यांनी वही मिटली आणि गाड्यांना जायला वाट करून देण्यासाठी ते बाजूला झाले.